आईंच्या साडीचा डाळिंबी रंग

सुहास,

आईंच्या फोटोत फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेली एक बारीक कड आहे. तेवढ्यातच साडी अजून डाळिंबी आहे. बाकी सगळी निळसर राखाडी झाली आहे, आणि काचेखाली ओल शिरून हनुवटीजवळची शाई पसरली आहे. आई गेल्या तेव्हा दहाव्याच्या घाईत आपण तो दुकानातल्या साध्या शाईच्या प्रिंटरवर काढून आणला. ती शाई उन्हानं विटते, पाण्यानं फुटते. लॅबमधल्या केमिकल कागदावरचा फोटो इतक्यात असा गेला नसता. मूळ फोटो तुझ्या जुन्या मोबाईलबरोबरच गेला, म्हणजे आता आपल्याकडे हा एवढाच.

तो स्कॅन करून लॅबमधून नवा काढायला मी नगरला जाते आहे. चेहरा किती परत येईल, मला खरंच माहीत नाही. भात कुकरमध्ये आहे, वरणाला फोडणी दे. फोटोच्या खिळ्यावर ऊन येतं, तिथं काही टांगू नकोस.

अण्णाही माझ्याबरोबर येताहेत. रोज ओल्या फडक्यानं फोटो पुसतात तेच, म्हणून त्यांना सांगायला मी भीत होते. सकाळी फोटो उजेडात धरला, तर म्हणाले, "काय झालंय त्याला? लालच हाय की लुगडं."

मग त्यांनीच विचारलं, "न्हाई का गं, सूनबाई?"

"नाही, अण्णा."

मोतीबिंदूचं नाव काढलं की वर्षभर ते उठून गोठ्यात जायचे. आज टोपी घालून माझ्याआधी दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चल. आधी डोळ्याचं आपरेशन करून टाकू."