पाठीला वारा

आबा,

काल रात्री आई सलग सात तास झोपली. तिनं स्वतः सांगितलं, आणि शेजारच्या काकूंनी दुजोरा दिला. काकू रोज सहाला दुधाची पिशवी घेऊन येतात, तेव्हा आई आधीच गॅलरीत पदरानं वारा घेत बसलेली असते. आज त्यांनी दोनदा कडी वाजवली तरी दार उघडलं नाही. घाबरून त्यांनी मला उठवलं. आम्ही दोघी आईच्या खोलीत डोकावलो तर आई पाठीवर पसरून झोपलेली, तोंड किंचित उघडं, कपाळ कोरडं. काकू कुजबुजल्या, "अहो, घोरतायत की!" माझं वय विसरून मी तिथंच त्यांचा हात धरून उडी मारली. एवढी बातमी तुम्हाला सांगायची आणि कामाला लागायचं, म्हणून बसले होते. पण त्याआधीचं सांगितल्याशिवाय ती कळायची नाही.

दीड महिन्यापूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खाली बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. अंथुर्ण्याच्या घरात तिनं इतकी वर्षं फरशीवर सतरंजी टाकून पाठ टेकली, त्यामुळं तिला इथं, बारामतीला माझ्या फ्लॅटवर आणणं भाग होतं. ती यायला तयार नव्हती. "लेकीच्या दारात किती दिस पडून ऱ्हायचं गं? लोकं काय म्हणतील?" गुडघा बरा होईस्तोवर, एवढ्याच बोलीवर ती आली. मी तिच्यासाठी पलंग आणला आणि बारामतीतल्या चार दुकानांत हिंडून एक जाडजूड, मऊ फोमची गादी घेतली. कशी घेतली? खरबूज घेतात तशी, तळव्यानं दाबून. जिथं हात जास्त आत गेला ती उत्तम, असं माझं शास्त्र.

पहिल्याच सकाळी आई म्हणाली, "ह्या गादीत कुणी तरी चूल पेटवून ठिवलीय." मी हसण्यावारी नेलं. तिला उकडतं हे तुम्हाला मी काय सांगणार? थंडीतसुद्धा ती गोधडीबाहेर पाय काढायची आणि तुम्ही म्हणायचा, "हिच्या अंगात बॉयलर हाय, माझ्या कारखान्याला भाड्यानं द्या." पण यंदा ऑक्टोबरचं ऊन, त्यात हा फ्लॅट. मी पंखा वाढवला, चादर बदलली, कूलरही आणला. रोज सकाळी तिच्या पाठीचं पोलकं पिळण्याइतकं ओलं, डोळे तांबारलेले. झोप नाही म्हणून व्यायाम नाही, व्यायाम नाही म्हणून गुडघा वाकत नव्हता. गेल्या सोमवारी तिनं माझ्या मामेभावाला फोन लावला. "रविवारी जीप घेऊन ये रं. मी चालले माझ्या फरशीवर." मी फोन काढून घेतला तर म्हणाली, "तुझ्यावर राग न्हाय बाय. पर मला झोपंवाचून मारू नगंस." फरशीवर गेली तर गुडघा कायमचा जाणार, हे तिलाही माहीत होतं. माझ्या हातात सहा दिवस होते.

ऑफिसातल्या एकानं इंदापूरचं दुकान सुचवलं. गुरुवारी मी रजा टाकली आणि आईला गाडीत घातलं. दुकान चालवणाऱ्या बाई मूळच्या बावड्याच्या, साठीच्या, कमरेला पदर खोचलेल्या. त्यांचे सासरे कापूस पिंजायचे, आता दुकानात सगळ्या प्रकारच्या गाद्या आहेत. मी सवयीनं तळवा दाबायला लागले तशा त्या म्हणाल्या, "ताई, हातानं झोपनार हाय का? आत्याबाई, तुमी आडव्या व्हा बघू. चांगलं पंधरा मिन्टं."

आई पलंगाच्या कडेवर टेकली होती ती ताडकन उभी राहिली. "बाजारात आडवी होऊ? रस्त्यावरनं सगळा तालुका चाललाय!"

"त्यांनी बघितलं तर त्येंनाबी गाद्या इकीन," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सरळ शटर अर्धं खाली ओढलं. बाहेरून एक गिऱ्हाईक वाकून आत बघायला लागलं. बाई ओरडल्या, "दुकान चालूच हाय, भाऊ. आत बाळंतीण निजलीय!" आई हसून हसून आडवी झाली. आधी घरच्यासारख्याच मऊ फोमवर. थोड्या वेळानं बाईंनी तिच्या पाठीखाली हात सरकवला आणि माझाही हात धरून तिथं घातला. अंग जिथं रुतलं होतं तिथं भट्टी झाली होती. "फोम वाईट न्हाय. थंडी वाजनाऱ्याला लई झ्याक. पर ह्यो अंगाला मिठी मारतो, आन् गरम मानसाला मिठी नको, वारा पायजे." मग काथ्याची गादी. आई म्हणाली, "ही आपली वाटती, पर खरबरीत हाय." बाईंनी तिच्यावर कापसाची पातळ गादी अंथरली, वर धुवट सुती चादर. आई पुन्हा आडवी झाली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. आई उठेना. मी बघितलं तर तिचा डोळा लागला होता, भर दुपारी, भर बाजारात.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आन् काय वो, घरच्या गादीचा कागद काढलाय न्हवं?"

"कसला कागद?"

"प्लास्टिकचा. वरचा."

आबा, मी काय सांगू तुम्हाला. मी काढला नव्हता. गादी आली तशीच पलंगावर टाकली होती, प्लास्टिकसकट, आणि वर चादर खोचली होती. दीड महिना आई त्या प्लास्टिकवर शिजत होती, आणि मी कूलर आणत होते! बाई तोंडाला पदर लावून हसल्या. "तुमी एकल्या न्हाय. चार गिऱ्हाइकं येत्यात, त्यातली तीन कागद ठिवत्यात. लगीन झालेल्या पोरींची पोरं शाळंत जात्यात, पर रुखवताच्या गादीचा कागद तसाच."

आई उठली, तिला सांगितलं. ती म्हणाली, "बापाची लेक शोभतीस."

सातवीत पहिली आले तेव्हा तुम्ही सायकल आणली होती. सोमेश्वरनगरहून, कारखान्यातल्या कुणाच्या तरी ट्रॅक्टरमध्ये घालून. दांड्यांना, सीटला, हँडलला प्लास्टिक गुंडाळलेलं. मी अधाशासारखी ते ओरबाडत सुटले, आणि तुम्ही ओट्यावरून पहिल्यांदाच माझ्यावर ओरडलात, "नवंपण एकदाच मिळतं. ते हातानं सोलून काढायचं न्हाय!" राहिलेलं प्लास्टिक तुम्ही सुतळीनं पुन्हा बांधलंत. मी दोन वर्षं त्या निसरड्या सीटवरून घसरत शाळेत गेले. घरी रेडिओ त्याच्या खोक्यात राहून वाजायचा. मला ते सगळं इतकं पटलं की आजही माझ्या रिमोटला पिशवी आहे.

पण गुरुवारी त्या दुकानात मला दुसराच दिवस आठवला. हंगाम संपून तुम्ही घरी आला आहात. साखर शिजते तिथं सहा महिने उभे राहून तुमची पाठ घामोळ्यांनी भरली आहे. अंगणात बाजेचा लाकडी सांगाडा आडवा टाकून तुम्ही सुतळी विणता आहात, पायाचा अंगठा लावून एकेक पदर ताणता आहात. आई भाकरी थापता थापता चुलीजवळून म्हणते, "एवढी भोकं कशापायी ठिवताय? घट्ट विणा की." आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "खालनं वारा यायला नगं? मऊपणाचं काय घिऊन बसलीस. पाठीला वारा लागला पायजे." ती बाज आईसाठी होती, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ती ओट्यावर घालून आईला दिलीत आणि तुम्ही स्वतः जमिनीवर झोपलात. आईनं मात्र ती तुम्ही घरी नसताना कधी वापरली नाही. तुम्ही गेल्यावर ती माळ्यावर टाकली, आणि आई फरशीवर आली.

दोन्ही गोष्टी तुम्हीच शिकवल्यात, आबा. मी चुकीच्या जागी चुकीची आठवली.

परतताना अंथुर्ण्याचा फाटा आला. मी गाडी हळू केली, कारण जाताना आई म्हणाली होती, येताना घराकडं वळू. तिथं वळलो असतो तर ती परत गाडीत बसली नसती, याची मला खात्री होती. आईनं फाट्याकडं पाहिलं, मग मागून नवी गादी घेऊन येणाऱ्या टेम्पोकडं पाहिलं, आणि म्हणाली, "चल की. गादी आपल्या आधी पोचली तर कुलूप कोण काढंल?"

टेम्पोवाला गादी टाकून निघणार तोच आईनं कात्री मागितली. नव्या गादीचा कागद तिनं स्वतः फाडला, उभी राहून, काठी भिंतीला टेकवून. असा टरकन आवाज आला आणि ती लहान मुलीसारखी माझ्याकडं बघून हसली. जुनी फोमची गादी माझ्या पलंगावर गेली, मला थंडीच वाजते. तिचाही कागद काढला, तो वरच्या बाजूनं ओलसर होता.

आज नाश्त्याच्या वेळी आईनं मामेभावाला पुन्हा फोन केला. मी हातातला चहा तसाच धरून उभी. "रविवारी जीप आण," ती म्हणाली. मी कप खाली ठेवला. मग ती म्हणाली, "मला न्यायला न्हवं रं. माळ्यावर बाज हाय ती घिऊन ये. सुतळी ढिली पडली आसंल, येताना दोन गुंड्या आण. हिच्या गॅलरीत वारा चांगला येतो. दुपारची तितं पडत जाईन."

म्हणजे परवा तुमची बाज बारामतीला येते आहे. पदर ताणायला मीच बसणार. पायाचा अंगठा कुठं लावायचा ते मला आठवतं आहे, असं वाटतं.

हे पाठवायचं कुठं, ते मला माहीत नाही, म्हणून टेबलाच्या खणात ठेवते. एकच गोष्ट राहिली. दोन्ही गाद्यांचे कागद घंटागाडीत टाकले, असं मी आईला सांगितलं आहे. टाकलेले नाहीत. पुसून, घडी करून कपाटाच्या वर ठेवले आहेत.