झोपेच्या मंत्राचे पाच फासे

मु. जानेफळ
रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर

चि. धम्मरत्न यास, त्याच्या खेळात मागं एका रविवारी मेलेल्या मांत्रिकाचा, म्हणजे त्याच्या सख्ख्या आजीचा, जयभीम.

इकडं सगळे खुशाल आहेत. मीच तेवढी मेली. गुडघा आहे तसाच आहे, डोळ्यात औषध टाकणं चालू आहे, अन् तुझी आई म्हणते का तू जेवणखाण सोडून पुण्याच्या खोलीत मंत्र तोलत बसतो. जेवत जाय बापा. हे पत्र मी सांगून राह्यली अन् तुझी बहीण समता लिहून राह्यली. फोन होता घरात, पण फोनवर तू 'आजी, ऐक ना' म्हणून मधात घुसतो. पत्रात मधात घुसता येत नाही. (समताले घुसता येते, म्हणून तिले पहिलेच बजावून ठेवलं, जे म्हणीन ते लिहायचं. तिच्याबद्दल म्हणीन तेही.)

तर मुद्दा असा. महिनाअखेरी तुझ्या 'सात दरवाजे' खेळाचं पुस्तक छापाले जाऊन राह्यलं, अन् त्यात माझ्या झोपेच्या मंत्राले पाचाऐवजी दोनच फासे ठेवतो असं तू समताले कळवलं. एकदा छापलं म्हणजे दगडावरची रेघ झाली. दोन फाशांत माझा मांत्रिक एक दुपार जगत नाही, हे मी मरून पाह्यलं. म्हणून छापखान्यात जायच्या आधी माझं म्हणणं वाच, अन् मंग तुले करायचं ते कर.

पण पहिले मले हे सांग, आपल्या घरात मंत्र आले कुठून? तुझ्या आजोबानं भर पारावर भगताचा जबडा धरला होता. तो भगत दुखणेकऱ्याच्या पोटातून तोंडानं खिळे ओढून काढायचा, अन् आजोबानं ते खिळे त्याच्याच गालातून मोजून काढले, पोटाले तोंड लावायच्या आधीच. नऊ निघाले. त्या दिवसापासून आपल्या घरात कोणी जादूटोण्याचं नाव काढलं तर त्याले जेवायले वाढत नव्हते. अन् त्याच माणसाचा नातू, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, इंजिनिअरची डिग्री भिंतीवर, तो बसून कोणता मंत्र किती भारी हे फाशानं मोजून राह्यला! भगत बिचारा फुकट बदनाम झाला. त्याचा एकच मंत्र होता अन् तो कोणालेच लागत नव्हता. इतका सरळ तोल तर तुले पुण्यात बसूनही साधला नाही.

(समता म्हणते, आजी, हा नुसता खेळ आहे, खरं-खोटं नाही. मले समजते बाई. मी शाळेत नाही गेली, खुळी नाही.)

तू म्हटलं होतं, हा खेळ अशा माणसांवर तपासायचा आहे ज्यांनी जन्मात असा खेळ पाह्यला नाही. मंग समतानं शोध शोध शोधून आम्हा तिघींले ओसरीवर बसवलं. मी, जनकाबाई अन् तानुबाई. तिघींचं वय एकत्र केलं तर दोनशेच्या वर जाते, अन् तिघींच्या पाट्या कोऱ्या. समता पुस्तक वाचून सांगे अन् खेळ चालवे. जनकाबाईनं पहिलेच हात मारून सरदार उचलला. अंगात चिलखत, हातात ढाल, वीस जीव. तानुबाईनं वैद्य घेतला, काऊन का वैद्याले बसून राह्यलं तरी चालते. माझ्या वाट्याले आला मांत्रिक, त्याले जीव चार. चार! आपल्या कोंबडीले याहून जास्त असतात. त्याच्याजवळ पहिल्या पायरीचे दोन मंत्र. एक ठिणगी, ती कधी चुकत नाही पण लागूनही फार काही होत नाही, जावयाच्या रागासारखं. अन् दुसरी झोप. दिवसातून एकदा पाच फासे टाकायचे, ठिपक्यांची बेरीज येईन तितक्या जिवांचे शत्रू जागेवर घोरतात.

पहिल्याच दरवाज्यावर पाच खुजे आले, हातात विळे घेऊन. एकेकाचे जीव तीन. मी फासे टाकले, ठिपके भरले सतरा, पाचही खुजे आडवे. समता म्हणाली, आता त्याहिले मारा. जनकाबाईनं तलवार उचलली, तर तानुबाई आडवी झाली. म्हणे, झोपलेल्याले मारतं काय वं रांडके, त्याची माय कुठं तरी वाट पाहत असन. मी म्हटलं, सोडूनही देता येत नाही, मारूनही चालत नाही, मंग आपण टोळीत काय करत होतो? कामाले लावा. (तुले माहीत आहे, तीस वर्षं निंदणाच्या टोळीची मुकादमी मी केली. चाळीस बाया ज्या मुकादमिणीनं बांधाबांधानं हाकल्या, तिले पाच खुजे काय जड आहेत?) विळे त्याहिच्याजवळ होतेच. किल्ल्याच्या आवारात गवत माजलं आहे असं तूच पुस्तकात लिहिलेलं. खुज्यांले दोन वेळ भाकर कबूल केली, अन् बसवलं निंदाले.

तिसऱ्या रविवारी आमच्याजवळ एकोणीस खुजे होते, सगळे झोपवून, उठवून, जेवू घालून जमवलेले. खुज्यांले आतल्या वाटा माहीत. त्याहिनं आपल्या हातानं आतून कड्या काढल्या अन् आम्ही सातही दरवाजे एका दुपारी पार केले. शेवटच्या दरवाज्यातला राक्षसराज तर तू सहा महिने बसून बनवला होता म्हणे. त्याचं सगळं सैन्य आमच्या बांधावर. एकटा बसला होता, त्याले तानुबाईनं चहा विचारला. मंग समतानं तुले फोन लावला अन् तू काय म्हणाला? 'आजी, तू खेळ मोडला.' मोडला नाही रे, संपवला. सरदार भारी खेळला तर तुमच्या पुस्तकात त्याले पराक्रम म्हणतात, अन् चार जिवांचा मांत्रिक भारी खेळला तर लगेच तोल जातो!

त्यानंतर तुझी दुरुस्ती सुरू झाली. आठ दिवसांत पाच फाशांचे दोन केले. मी मुकाट्यानं खेळाले बसली. पाच खुजे आले, दोन फासे टाकले, एक ठिपका अन् दोन ठिपके. एक खुजा झोपला. चौघं माझ्याकडं असे पाहून राह्यले जसे सोसायटीच्या निवडणुकीत पडलेल्या माणसाकडं पाहतात. अन् मी मेली. जनकाबाई वीस जिवांसकट बाजूले उभी होती, तिचं चिलखत चकचक चमकत होतं, अन् ती म्हणे, 'सिंधूताई, मी येतच होती वं.' चाळीस वर्षांपासून ती येतच असते.

समताले वाईट वाटलं, तिनं तुले सांगतलं, अन् तुले आजीची दया आली. म्हणून ठिणगीचा एक फासा वाढवून दिला. झालं काय, जनकाबाईनं चिलखत काढून फेकलं अन् मांत्रिक झाली. तानुबाईही झाली. तिघी लांब बसून ठिणग्या फेकाले लागल्या, जशा दिवाळीत पोट्टे फटाके फेकतात, अन् खुजे दारात यायच्या आधीच राख. पंचशीलाचं काय झालं ते मले विचारू नको, तानुबाई म्हणे लांबून दिसत नाही. मंग तू खुज्यांले नऊ नऊ जीव दिले. आता लढाई चालू झाली का संपतच नाही. मागच्या खेपेले चहा दोनदा गरम करून प्यालो तरी दोनच खुजे पडले होते, अन् तानुबाई तक्क्याले टेकून घोरत होती. तुझ्या साऱ्या खेळात झोपेचा मंत्र तेवढ्या एकाच जागी लागला.

तुझं चुकते कुठं ते सांगते, राग येऊ देऊ नको. (आला तर येऊ दे.) आमच्या टोळीत जनकाबाईचा हात यंत्रासारखा. सोयाबीनची पात, म्हणजे निंदायची ओळ, धरली का बांधाले लागूनच थांबायची. तानुबाईची पात अर्ध्यावर, तिचं तोंड मात्र बांधापलीकडं पोचलेलं. एका शेतवाल्यानं मले म्हटलं, 'मुकादमीणबाई, त्या जनकाबाईले जरा हळू करा, ती पुढं जाते अन् बायांची रांग वाकडी दिसते.' म्हटलं, तुमच्या डोळ्याले सरळ दिसावं म्हणून तिचे हात बांधू काय? मी त्या दोघींच्या पाती शेजारी लावल्या. जनकाबाई बांधाले लागली का उलटी फिरे अन् तानुबाईच्या पातीले दुसऱ्या टोकाकडून येऊन भिडे. अन् तानुबाई अशा गोष्टी सांगे का बाकीच्या बाया उन्हातही उठत नव्हत्या, पुढं काय झालं ते ऐकाले. कोणाचंच कमी केलं नाही. एकीले दुसरीची गरज पाडली, बस.

तसं कर. झोपेचे फासे पाचच ठेव. पण मंत्र म्हणताना मांत्रिकाले डोळे मिटून खाली बसावं लागन, अन् तेवढ्यात कोणी पुढं ढाल धरली नाही तर तो मेला. झोपलेल्याले लात बसली का तो जागा, अन् जागा झालेला शेजारच्याले हलवून उठवू शकते. मंग माझ्या मंत्राले जनकाबाईची ढाल लागन, अन् जनकाबाईले उगाच उभं राह्यता येणार नाही. ठिणगी होती तशी कर. खुज्यांचे जीव तीनच कर, बिचाऱ्यांले नऊ जीव पेलत नाहीत.

अन् एक गोष्ट कडू लागन. मी जलमभर पाह्यलं, कुठं तोल करायची वेळ आली का ज्याच्याजवळ एकच चीज आहे त्याच्याच हाताकडं पाहतात. वीस जीव असलेल्याले कोणी म्हणत नाही का बाबा, दोन खाली ठेव. तुझ्या चार महिन्यांच्या दुरुस्तीत सरदाराच्या चिलखताले एकदा तरी हात लागला काय? नाही लागला. तुले माहीतही नसन का नाही लागला. आपल्या घरातला पोट्टा पुस्तक लिहीन तर त्यात तरी हे असं होऊ नये, इतकंच माझं म्हणणं. (समतानं इथं पेन थांबवलं होतं. लिही बाई, त्याले चांगलं लागू दे.)

कळावे, असं मोठ्याहिले लिहितात. तू लहान आहेस, तुले कळलंच पाह्यजे.

तुझी आजी,
सिंधूताई (खाली अंगठा आहे, तो माझाच, शाई समताच्या ओढणीलेही लागली)

ता. क. समतानं पत्र वाचून दाखवलं, चांगलं झालं आहे. आता ती पाणी आणाले आत गेली होती तेव्हा विचार केला तो सांगते. पाच फासे लय होतात, हे मले पहिल्या रविवारीच समजलं होतं. पण मी तीन मागतले असते तर तू अडीचवर अडून बसला असता. तीन कर. मात्र ध्यानात ठेव, हे दोन फासे मी सोडले, तू कापले नाहीत. जनकाबाई विचारीन तर तिले सांग का आजी पाचासाठी भांडत होती.

ता. क. जनकाबाईच्या सरदाराचे विसाचे अठरा जीव कर. तोलाबिलासाठी नाही, मले पाहाले बरं वाटन.

ता. क. समता म्हणते पुस्तकाच्या पहिल्या पानावर तपासणाऱ्यांची नावं छापतात. खरं तर हे पत्र त्यासाठीच लिहवलं, पण एकदम मागणं बरं दिसत नाही. तिथं नुसतं 'आजी' छापू नको, आज्या गावात घरोघर आहेत. 'सिंधूताई' छाप, आडनावासकट, अन् मोठ्या अक्षरात. तानुबाईचं कुठंही टाक, तिले चालते. जनकाबाईचं माझ्या खाली. तिले वाचता येत नाही अन् मलेही येत नाही, पण वर कोण अन् खाली कोण, हे आम्हा दोघींले बरोबर समजते.