शेवटचं संस्कारी गाणं

अह्योन-दोंग, सोल
२४ ऑगस्ट १९८७

प्रिय नाम-ही,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे ठीक आहोत. गुडघे सोडले तर आईची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली, तरी आपल्या सार्वजनिक न्हाणीघराच्या खिडकीत बसून टॉवेल स्वतःच्या हातानं देते आणि कोणाचा ओला परत आला नाही तर गल्लीभर आरडाओरडा करते. जूनभर मोर्चे आणि अश्रुधूर चालला होता. न्हाणीघरात येणाऱ्या बायका आधी डोळे धुवायच्या, मग अंग. आता जरा शांत आहे. मी अजून त्याच गाळ्यात लोकांचे कॅसेट प्लेअर दुरुस्त करतो. कान बरे आहेत. बाकी सगळं थकलंय.

तेक-सूच्या शेवटच्या दिवसांबद्दल तू लिहिलंस, ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवलं नाही. असली बोटं देवानं दिली आणि शिकागोत दहा वर्षं लोकांच्या शर्टांना इस्त्री करण्यात गेली. मी चिडून लिहितोय असं समजू नकोस. चिडायलाही अंगात जोर लागतो.

हो, बातमी खरी आहे. बंदी उठलेल्या गाण्यांची यादी पेपरात आली, तीत आपली ‘वाफ’ आहे. तेक-सू एप्रिलमध्ये गेला आणि बंदी ऑगस्टमध्ये उठली. वरातीमागून घोडं, दुसरं काय! यादी वाचताना मला तो सेन्सॉरचा चष्मेवाला तपासनीस आठवला. “एकवीस मिनिटं नुसती वाफ? आणि ती वर वर का जाते? वर कोण आहे?” त्यावर तुझा नवरा शांतपणे म्हणाला, “साहेब, वाफ वरच जाते. खाली जाणारी मिळाली तर तुम्हाला कळवतो.” मी तिथेच कपाळाला हात लावला होता. ‘अर्थहीन आणि निराशाजनक’ असा शेरा बसला, तो त्या उत्तरामुळेच, असं मला अजून वाटतं.

पण काय दिवस होते गं ते! माझ्या स्टुडिओत आवाज घुमवायचं यंत्र नव्हतं, म्हणून आईच्या न्हाणीघराला मंगळवारची सुट्टी असली की आपण खिडकीतून गल्लीवरून वायर टाकायचो. बायकांच्या बाजूला रिकाम्या हौदाशी स्पीकर, समोरच्या भिंतीशी माइक. तुझा आवाज आणि त्याची गिटार त्या ओल्या फरश्यांवरून फिरून यायची, आणि मी ते घुमणं चौथ्या ट्रॅकवर वेगळं धरून ठेवायचो. एकदा माइक सरकवायला गेलेला तेक-सू साबणावर घसरून हौदात पडला, आठवतंय? आई ओरडत होती, “तुमच्या गाण्यानं माझ्या फरश्या निघतायत, मेल्यांनो!”

आणि शेवटच्या संस्कारी गाण्यावरून झालेलं भांडणही आठवतं. तेव्हा सक्ती नव्हती, पण सरकार खूश राहावं म्हणून जो तो आपल्या रेकॉर्डच्या शेवटी एक घालायचा. स्वच्छ पहाट, हिरवे डोंगर, कष्टाळू शेजारी. मी तेक-सूला म्हटलं, “घाल की बाबा एक, पास तरी होईल. ते कोण ऐकतंय? लागलं की लोक सुई उचलतात.” तो म्हणाला, “आणि एखाद्यानं नाही उचलली तर, दादा? त्याला मी काय तोंड दाखवू?”

तू चुसोकला, पितरांना पान वाढायच्या सणाला, त्याच्या अस्थी घेऊन येतेस, हे चांगलं करतेस. फोटोपुढे पहिलं पान वाढताना ‘वाफ’ अख्खी लावायची, अशी त्याची इच्छा होती म्हणतेस. रेकॉर्डी सरकारनं सगळ्या फोडून टाकल्या, म्हणून मूळ टेप काढून ठेव, असंही लिहिलंयस. बघू. त्या मशीनची अवस्था आता फार वाईट आहे. तू सावकाश ये. घाई करू नकोस.

आईचे आशीर्वाद.

तुझा,
प्यो दादा

*

अह्योन-दोंग, सोल
१२ सप्टेंबर १९८७

प्रिय नाम-ही,

पत्र मिळालं. चार ऑक्टोबरचं विमान ठरलं हे कळलं. रेकॉर्ड कंपनीच्या त्या नव्या मॅनेजरला तू परस्पर पत्र लिहिलंस, तोही काल गाळ्यावर येऊन गेला. टाय लावलेला, तोंडभर हसणारा. “मूळ टेप तुमच्याकडे आहे असं बाई म्हणतात,” म्हणाला. मी त्याला म्हटलं, चहा घ्या. दोन कप प्यायला आणि गेला.

इकडची मोठी बातमी म्हणजे न्हाणीघर पाडणार. पुढच्या वर्षी ऑलिम्पिक, तेव्हा पाहुण्यांना आपली चिमणी दिसू नये म्हणून रस्ता रुंद होतोय. भिंतीवर लाल रंगानं आकडा टाकून गेलेत. आईनं तो घासून काढायचा प्रयत्न केला, निघाला नाही.

बॉयलरमागचा कोनाडा एकदा बघायचाय असं तू लिहितेस. तेक-सू शेवटपर्यंत त्या कोनाड्याबद्दल बोलत होता म्हणतेस. तुम्ही निघालात तेव्हा मी त्याला चिठ्ठी दिली होती, ‘वस्तू उबदार जागी आहे.’ ती त्यानं पाकिटात ठेवली होती, हे मला माहीत नव्हतं. हे तू नसतं कळवलंस तर बरं झालं असतं.

पाऊस आहे. पाठ दुखते. विमानात पाय आखडतात म्हणे, मधून मधून उठून चाल.

प्यो दादा

*

अह्योन-दोंग, सोल
१४ सप्टेंबर १९८७

नाम-ही,

परवाचं पत्र टाकून घरी आलो, तर आई दारातच. “सांगितलंस का तिला?” म्हटलं, हळूहळू सांगतोय. “हळूहळू! अकरा वर्षं मूग गिळून बसलायस, आता पोटात शेत उगवलं असेल मुगाचं. ती बाई समुद्र ओलांडून येणार आणि तू तिला रिकामा कोनाडा दाखवणार? तुझी लाज वाटते मला.” म्हणून आज दुकान न उघडता लिहायला बसलो आहे.

टेप नाही. कोनाड्यात कधीच नव्हती. मी ती पुसली.

शहात्तरच्या जानेवारीतली गोष्ट. त्या गाण्यापायी तेक-सू तुरुंगात होता, तू रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन त्या फाटकाशी उभी राहायचीस. सरकारी माणूस कागद घेऊन स्टुडिओत आला. ‘सदर टेप नष्ट केली’ असं छापलेलं, खाली माझ्या सहीची जागा. नाम-ही, तो माणूस खोलीत थांबलासुद्धा नाही. बाहेर कॉफी पीत बसला. मी त्याला दुसरी कुठलीही टेप दाखवली असती तरी त्याला शष्प कळलं नसतं. तुमची टेप खरंच कोटाखाली लपवून बॉयलरमागे ठेवता आली असती. दहा पावलांवर होता बॉयलर.

मी घाबरलो होतो असं लिहिणार होतो. तसं लिहून एक कागद फाडला. घाबरलो नव्हतो. मी कंटाळलो होतो. त्याच्या अटकेपासून एक गाणं स्टुडिओत आलं नव्हतं, घरमालक बोलत नव्हता, पोलीस येऊन खुर्च्या उलट्या करून जायचे. मनात एकच होतं, त्या तेक-सूनं त्या तपासनिसाला नीट उत्तर दिलं असतं तर! एक संस्कारी गाणं घातलं असतं तर! त्या दिवशी खूप दिवसांनी काम आलं होतं. शाळेतली चाळीस मुलं लोकरी टोप्या घालून जिन्यात उभी होती, समूहगान म्हणायला. संस्कारी गाणं. आणि कोरी टेप तेव्हा मिळत होती कुठे? आपण सगळे जुनीच पुसून वापरायचो, ते तुलाही ठाऊक आहे. मी शेल्फवरून हात घालून ‘वाफ’ काढली, मशीनवर चढवली आणि मुलांना म्हटलं, “चला बाळांनो, ताठ उभे राहा.” मग बाहेर जाऊन त्या कागदावर सही केली.

एप्रिलमध्ये तो सुटला. डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली. मला बघून पहिला शब्द काय बोलला असेल? “दादा, टेप?” त्या तोंडाकडे बघून मी “आहे” म्हणालो. एकदा आहे म्हटलं की मग रोजच आहे म्हणावं लागतं. वाटलं होतं, देश सोडून जाल, विसराल. तो त्या खोट्यावर अकरा वर्षं जगला आणि त्यातच गेला. मी हे त्याच्या जिवंतपणी सांगायला हवं होतं. तो मला शिव्या देऊन मोकळा झाला असता, आणि मीही.

आता आणखी एक गोष्ट, जी आईलाही माहीत नाही. माफीसाठी सांगत नाही, ती मागायचं माझं तोंड नाही.

आपल्या मशीनचं चौथ्या ट्रॅकचं पुसायचं हेड झिजलेलं होतं. जुनं धड पुसलं जायचं नाही. त्या मुलांचं गाणं तयार करताना कानाला हेडफोन होता. तिसरं कडवं संपतं, मुलं श्वास घेतात, तिथे मला खालून काहीतरी ऐकू आलं. टेप मागे घेतली. पुन्हा ऐकलं. मुलांच्या आवाजाखाली तुमचं न्हाणीघर होतं. तुझा मूळ आवाज नाही, गिटार नाही. ते गेलं. फक्त त्या फरश्यांवरून फिरून आलेलं घुमणं, फार बारीक. आणि त्या श्वासाच्या जागी हौदात पडल्याचा धप्प आवाज, तेक-सूचं “च्यायला!” आणि तुझं हसणं.

मी ते पुन्हा पुसू शकलो असतो. एक बटण होतं. नाही दाबलं. कोणाला सांगितलंही नाही. गाणं तसंच पुढे गेलं.

पुढचं तुला माहीत नसेल, तुम्ही निघून गेला होतात. संस्कारी गाणं मग सक्तीचंच झालं, आणि दर वेळी नवं कोण गाऊन घेणार? कंपन्यांनी हेच उचललं. प्रेमगीतं, नाताळची गाणी, विनोदी नकला, कसलीही रेकॉर्ड असो, शेवटी आपली चाळीस मुलं उभी. हा सगळा देश तुझ्या नवऱ्याची शिवी घरात ठेवून होता, नाम-ही, आणि कोणाला पत्ता नव्हता. कारण तिथे येईपर्यंत जो तो सुई उचलायचा.

काल चंगग्येचनच्या जुन्या बाजारात जाऊन त्यातली एक रेकॉर्ड आणली. कुणा बाईची प्रेमगीतं आहेत. तिची गाणी इतकी वाजवली गेलीत की नुसती खरखर येते. शेवटची पट्टी मात्र नव्यासारखी काळीभोर चमकते. गाळ्यात लावून बघितली. आहे, तिथेच आहे. ती मी कपड्यात गुंडाळून या पत्रासोबत पाठवतोय. हे वाचून इकडे यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर आई तुला घ्यायला येईल. मी समोर यायचं की नाही, ते तिला सांग.

नाही आलीस, तर चुसोकच्या सकाळी तिथेच फोटोपुढे ताट वाढ. बाकीची गाणी सोड. शेवटचं लाव. मुलं हिरव्या डोंगरांचं गातील, ते गाऊ दे. तिसरं कडवं संपलं की कान दे.

सुई उचलू नकोस.

टेप पुसणारा,
प्यो सांग-जिन