सौ. नमस्कार सांगते

४ जानेवारी

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

बाहेरून कुणी सांगण्याआधी मीच कळवते, म्हणजे मीठमसाला मला हवा तेवढाच पडेल. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी दुपारी मी घरी एक कॉकटेल करते आणि पिते. एक म्हणजे एक. चौतीस वर्षं इस्पितळाच्या औषधखोलीत लोकांसाठी मिश्रणं केली. त्यातलं एकही चाखावंसं वाटलं नाही. आता माझ्यासाठी करते. माप तेच, शिस्त तीच. तीस मिली जिन, पंधरा लिंबाचा रस, पंधरा साखरेचा पाक, झाकणाच्या बरणीत बर्फ घालून दहा वेळा जोरात हलवायचं. वर संत्र्याच्या सालीच्या कडू अर्काचे तीन थेंब, ड्रॉपरनं. अर्कही घरचाच, पंधरा दिवस मुरवलेला. सोबत एका भांड्यात होणारं जेवण: टोमॅटोचं सूप आणि भाजलेला पाव, नाहीतर लोणी-मिरपूड लावलेले उकडलेले बटाटे. ज्यानं त्यानं आपलं ताट भरून घ्यायचं आणि आपलं आपण धुवायचं. या घरात शनिवारी कुणी कुणाला वाढत नाही.

गेल्या शनिवारी तू तुझ्या टायपिंग संस्थेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला गेलास, तेव्हा वहिनी माझ्याकडे आल्या होत्या. अर्धा ग्लास घेतला, तोंड वाकडं केलं आणि उरलेला अर्धाही मागितला. सूप पिताना त्यांची जीभ पोळली. म्हणाल्या, सगळ्यांचं झाल्यावर जेवायची सवय, त्यामुळे गरम अन्न किती गरम असतं याचा विसरच पडला होता.  दादा, यावर बोलू नकोस, नुसता विचार कर.

तेव्हा यापुढे वहिनी दर शनिवारी माझ्याकडे येतील. परवानगी मागत नाही, कळवते आहे. तूही ये. ताट मात्र स्वतः भरावं लागेल.

मोतीबिंदूचं काय ठरलं? राग आला तर येऊ दे, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी


११ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. माझ्या डोळ्यांपुढे धुके आहे. शस्त्रक्रिया मार्चमध्ये ठरली. तोवर आलेले पत्र सौ. वाचून दाखवते आणि मी सांगतो ते ती टाइप करते. संस्थेत माझ्याच हाताखाली तयार झाली असल्याने चूक होण्याचा प्रश्न नाही. कार्बन प्रत नेहमीप्रमाणे फाइलला लावली आहे. पट्टी निघाली की सर्व तपासून घेईन.

आता मुद्दा. शिकलीसवरलेली, या वयाची बाई भर दुपारी बरणी हलवत बसते, याला काय म्हणावे? काल फिरताना तुझ्या घरासमोरचा दंतवैद्य मला म्हणाला, तुमच्या भगिनी हल्ली फार खुशीत दिसतात. मला मान खाली घालावी लागली. आणि वाढायचे नाही म्हणजे काय? मग घर आणि खानावळ यांत फरक तो काय राहिला? लोकांना तोंड कसे दाखवायचे, याचा विचार तू कधीच केला नाहीस. लहानपणीही नाही.

तेव्हा थोरला भाऊ या नात्याने निक्षून सांगतो की, शनिवारचा हा प्रकार तू यापुढेही चालू ठेवावास. सौ. दर शनिवारी तुझ्याकडे येईल, हे पक्के समजावे. या विषयावर आणखी पत्रव्यवहार नको.

प्रकृतीस जप. सौ. नमस्कार सांगते.

तुझा,
दादा


१६ जानेवारी

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पानभर माझी खरडपट्टी आणि शेवटी पाठीवर शाबासकी! एका वेलांटीसाठी विद्यार्थ्यांचा अख्खा कागद फाडणारा माणूस तू. तुझ्या हातून अशी चूक होणं नाही. तेव्हा ती आज्ञाच समजते. थोरल्या भावाचा शब्द मी कधी मोडला नाही. मोडला तो दहा-बारा वेळाच. शनिवार चालू ठेवते.

आणि खानावळीत वाढतात, दादा. फरक तोच.

हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार, ते मला ठाऊक आहे. वाचणाऱ्या व्यक्तीला एवढंच विचारते, की चूक बोटांची होती की मनाची? उत्तर लेखी हवं. तोंडी तुम्ही सगळ्यांनाच हो म्हणता.

दादा, डोळ्यांत औषधाचे थेंब वेळेवर घाल. आहे तो लोभ उतू जाऊ नये आणि आटूही नये.

तुझी,
धाकटी


३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू तो प्रकार बंद केलास, हे सौ.ने वाचून दाखवले. समाधान वाटले. चूक कबूल करायला मन मोठे लागते. तुझे ते आहे, हे मी दंतवैद्यालाही सांगितले. माझी प्रकृती ठीक. डोळ्यांचे डॉक्टर घाई करत नाहीत, मलाही घाई नाही.

सौ. नमस्कार सांगते.

तुझा,
दादा

वन्सं, इथून पुढचं ह्यांनी सांगितलेलं नाही. हे आंघोळीला गेले आहेत, म्हणून भराभर टाइप करते.

चूक बोटांची नव्हती. हे म्हणाले होते, ‘बंद करावास’. मी ‘चालू ठेवावास’ टाइप केलं. हे म्हणाले होते, सौ. येणार नाही. त्यातला ‘नाही’ मी गाळला. तुमचं उत्तर आलं तेव्हा ‘चालू ठेवते’च्या जागी ‘बंद करते’ असं वाचून दाखवलं. चाळीस वर्षं ह्यांच्या प्रत्येक पत्राखाली ‘सौ. नमस्कार सांगते’ ही ओळ मी टाइप केली. हे ती सांगतही नाहीत. पानाचा शेवट आला की माझी बोटं आपोआप तिकडे वळतात. नमस्कार सांगतेस का, असं मला कुणी विचारलेलं नाही. मग वाटलं, न सांगितलेलं इतकी वर्षं टाइप करतेच आहे, तर एक-दोन शब्द माझ्या सोयीचे का नसावेत?

शनिवारी मी येते ती ह्यांच्या हुकमानं. धाकटीनं खरंच बंद केलं ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये, असं सांगून हेच मला पाठवतात. मी येते, बघते, पिते, आणि घरी गेल्यावर सांगते की सगळं ठीक आहे. ठीक असतंच.

कार्बन प्रत काढताना हा भाग येऊ नये म्हणून कार्बन आधीच काढून घेतला आहे. नळ बंद झाला. थांबते.


७ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींना,
सा. न. वि. वि.

पाकिटावर तुमचं नाव बघून पोस्टमन दोनदा विचारेल, तेव्हा ठणकावून हो म्हणा.

तुमचं लिखाण वाचून हसले, इतकी की चष्मा काढून पुसावा लागला. मग उठले, बरणी धुतली आणि फडताळात ठेवून दिली. तुम्ही स्पष्ट लिहिलंत, मीही स्पष्ट लिहिते. चौतीस वर्षांत माझ्या खोलीतून चुकीच्या चिठ्ठीची एकही बाटली बाहेर गेली नाही. आत खोकल्याचं औषध आणि वर ‘डोळ्यांचे थेंब’ असं लिहिलं, तर औषध कितीही चांगलं असो, ते विषच. मी जे पिते ते खिडकी उघडी ठेवून पिते. दंतवैद्याला दिसतं, दिसू दे. पण चोरून प्यायचा ग्लास या घरात मिळणार नाही.

मार्चमध्ये पट्टी निघाली की दादा चहाच्या आधी फाइल उघडेल. त्यानं शोधून काढलं तर तुम्ही चोर ठराल. तुम्ही आधी सांगितलंत तर फक्त बंडखोर. बोलणी दोन्हीकडे सारखीच खावी लागतील, पण ताठ उभं राहून खाल्लेली पचतात. तुम्हाला शनिवार हवा असेल तर तो मागू नका, नुसता सांगा. तो तुमचाच आहे. मात्र सांगेपर्यंत माझ्याकडे येऊ नका. मला करमणार नाही, ते माझं मी बघून घेईन.

कडक लिहिलं आहे. गोड लिहिणारी माणसं तुम्हाला जन्मभर भेटली. त्यांनी काय दिलं?

तुमची,
धाकटी


२२ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

हे पत्र माझ्या हातचे आहे. अक्षर वाकडे आले तरी ते माझे आहे.

काल पट्टी निघाली. फाइल उघडली. सर्वांत वर माझ्याच नावाचे, टाइप केलेले एक पत्र. बायकोने नवऱ्याला पत्र घालावे, तेही शेजारच्या खोलीतून! कोणत्या तारखेच्या पत्रात, कोणत्या ओळीत कोणता शब्द बदलला, काय चुकीचे वाचून दाखवले, याची क्रमवार यादी. तुला लिहिलेल्या पुरवणीचा मजकूरसुद्धा तिने आठवून पुन्हा टाइप करून जोडला आहे. आणि शेवटी एकच वाक्य: ‘यापुढे शनिवारी मी धाकट्या वन्संकडे जाईन, कॉकटेल घेईन आणि गरम जेवीन.’ विनंती नाही, कृपा करून नाही, काही नाही.

लाल पेन्सिल घेऊन तासभर बसलो. शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही.

हे सर्व तुझे शिक्षण आहे. चाळीस वर्षांच्या संसारात तिने कधी उलट शब्द काढला नव्हता. तुझ्या एका बरणीने हे केले. तुला बजावतो, शनिवारी तिला दार उघडू नकोस. ती तिकडे आली तर मी जेवायचे काय, हा प्रश्न कोणाच्याच डोक्यात आलेला दिसत नाही.

दादा


२६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शनिवारी माझं दार उघडंच असतं, त्यामुळे ते उघडायचा किंवा न उघडायचा प्रश्न येत नाही.

नवे डोळे बरे चालताहेत हे वाचून खरंच आनंद झाला.

धाकटी


२९ मार्च

प्रिय वन्सं,

अहोजाहो आजपासून सोडते. तू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेस, आणि चाळीस वर्षं मी तुला उगीचच अहो-काहो करत आले.

यादी टाइप करायला तीन दुपारी लागल्या. चूक होऊ द्यायची नाही असं ठरवलं होतं. चार दिवस हे लाल पेन्सिल घेऊन फाइल उलटत राहिले. पाचव्या दिवशी बोलले ते थांबेनात. लोकांना तोंड कसं दाखवू, म्हणाले. मी म्हटलं, लोकांचं राहू द्या, नवे डोळे आहेत तर आधी माझं तोंड नीट बघा. मग बघतच राहिले. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मलाही सवय नाही, पण मी मान खाली घातली नाही.

शनिवारसाठी एक कागद टाइप करून शेगडीपाशी लावला आहे: दोन अंडी, पाणी, आठ मिनिटं, पाव डब्यात, लोणी खालच्या कप्प्यात. त्याखाली तुझ्या बाटल्यांवर असायची तशी सूचना, ‘स्वतःच्या हाताने घ्यावे’. काल त्यांनी कागदासमोर उभं राहून विचारलं, की आठ मिनिटं पाणी उकळल्यापासून मोजायची की त्याच्या आधीपासून. प्रश्न बरोबर होता, हे मान्य केलं पाहिजे. कागदात दुरुस्ती केली. हे मात्र अंडी न उकडताच स्वयंपाकघरातून बाहेर आले.

आता बरणी फडताळातून काढ. येत्या शनिवारी मी दोनच्या बसनं येते. या वेळी मी हलवणार, दहा वेळा, आणि मोजणारही मीच. मला पूर्ण ग्लास हवा. अर्काचे थेंब तीन नकोत, पाच घाल. कडू मला चालतं. इतकी वर्षं चाललंच की. सूप उकळतं असू दे. जीभ पोळली तर माझी पोळेल.

तू कडक लिहिलंस त्याचा राग आला होता, दोन दिवस. तो आता उतरला. यापुढेही अशीच लिही.

तुझी,
वहिनी

ता. क. सहीखाली एक ओळ मोकळी ठेवते आहे, नमस्कार सांगायचा असेल तर सांगा, टाइप करीन, असं ह्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. मी दहा मिनिटं थांबले. वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला, नमस्कार आला नाही. न सांगितलेलं मी आता टाइप करत नाही. ओळ मोकळीच पाठवते.