पाद्रीबाबांनी खोडलेली ओळ

ता. ५ मे १९३०
पाद्रीबाबा मराठीच्या शिकवणीला आले. दोन वर्षं झाली, 'ळ' अजून जिभेवर बसत नाही. आधी वाटलं होतं, हा कॅथलिक बाबा बाटवायलाच आलाय. मिरकरवाड्यात त्यांनी दवाखाना काढला; अद्याप कुणी बाटलं नाही, गळवं मात्र पुष्कळांची बरी झाली. आज इंग्रजी कागद आणला. परदेशी मिशनऱ्याला जिल्ह्यात राहायचं तर सरकारला हमीपत्र द्यायचं. म्हणाले, मराठीत करून द्या, चर्चमध्ये लोकांसमोर वाचता येईल त्यावरच सही करीन.

ता. ७
चौथं कलम वाईट. दवाखान्यात कोण येतो, सरकारविरुद्ध काय बोलतो, पोलिसांना कळवायचं. मिठाच्या चळवळीत लाठ्या खाल्लेल्या तिघांना यांनी पट्ट्या बांधल्या, त्याचं हे फळ. मी मराठी केलं: 'सरकारास योग्य ते साहाय्य करीन.' सही होईल, माणूस राहील.

ता. ८
पकडला गेलो. दोन्ही कागद शेजारी ठेवून शांतपणे म्हणाले, "मास्तर, माझ्यासाठी खोटं लिहू नका."
जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या, आज माझी तपासली गेली. फार लाज वाटली. नीट लिहून दिलं. त्यांनी चौथ्या कलमाची ओळ खोडली, बाकीच्यावर सही.

ता. १५
कागद परत. चौथ्या कलमासकट सही, नाहीतर २४ च्या बोटीने चालते व्हा. पावसाळ्याआधीची शेवटची बोट. घाटाने मोटार जाते, पण हुकमात बोट म्हणजे बोटच! बिशपांचंही पत्र: सही करा, एकापायी सगळ्या मिशनवर गदा नको.
मिरकरवाड्यातली पारू ओट्याशी आली. पट्टी बांधलेल्यांत तिचा नवरा. म्हणाली, "त्यानं नाव नाय विचारलान, कुटं दुकतंय त्येवढंच विचारलान."

ता. २३
विचारलं, बिशपांचा शब्द मोडणार? म्हणाले, पाळला तर पारूला तोंड कसं दाखवू, मोडला तर बिशपांना. रात्रंदिवस प्रार्थना चाललीय. असा माणूस मी आमच्यात पाहिला नाही. त्यांच्यातही विरळाच असावा.

ता. २४
त्यांची ट्रंक बंदरावर गेली म्हणतात. हे मात्र ठरल्या वेळी पुस्तक घेऊन हजर. सहीचं विचारायचा मला धीर झाला नाही. विसावा धडा काढला. बोटीचा भोंगा झाला, वाचणं थांबलं नाही. दुसरा, सुटायचा, झाला. फाटकात पोलीस शिपाई येऊन उभा राहिला. पाद्रीबाबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, "पुढचं वाक्य."