कोष्टकात नसलेलं नक्षत्र

३ नोव्हें., जळगाव
पासपोर्टसाठी धुळ्याहून माझा जन्मदाखला आला. तारीख १४. चौदा! जन्मभर सतराला ओवाळून घेतलं, शाळेच्या दाखल्यावरही सतराच. हे म्हणाले, "तीन दिवसांनी म्हातारी झालीस." मला हसू आलं नाही.

४ नोव्हें.
मोबाइलवर चौदा तारीख घालून पत्रिका काढली. नक्षत्र मूळ. माझ्या पत्रिकेत नानांच्या अक्षरात ठळक 'अभिजित'. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला खाते म्हणतात. मामंजी आमच्या लग्नानंतर आठ महिन्यांत गेले.
माझा यावर काडीचा विश्वास नाही. विज्ञान शिकवते मी. तरी पत्रिका तीनदा काढून पाहिली.

८ नोव्हें., धुळे
नानांना, माझ्या वडिलांना, सरळ विचारलं. अख्ख्या गल्लीच्या पत्रिका मांडणारा माणूस, पापणीही हलली नाही. "मीच तीन दिन पुढे सरकाडात. मूळनी पोर कोन करी?"
म्हणजे शाळेत नाव घालतानाच माझ्या लग्नाची तयारी!
पण अभिजितच का?
"ते जुनं नक्षत्र शे. आते सत्तावीसच मोजतस. गुण जुळाडाना कोष्टकमा त्यानं घरच नही, मंग खोट कोठून काढतीन? आन् अर्थ काय, तर विजय."
वर हसले. भयंकर राग आला. चहा न घेता निघाले, बसमध्ये रडले.

९ नोव्हें.
आठवतंय ते सारखं तेच. मामंजींच्या तेराव्याला बायका माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या. अक्का, माझ्या सासूबाई, कुंकू पुसलेल्या कपाळाने उठल्या. "मही सून अभिजितची आहे. तिच्याकडं कोनी बोट नही दाखवाचं."
त्या एका वाक्यावर तीस वर्षं या घरात ताठ मानेने राहिले.

१३ नोव्हें.
यांनी जेवताना तारखेचं सांगून टाकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
अक्का घास हातात धरून थांबल्या. "तारीख चुकली त मंग नक्षत्र बी चुकलं की व. खरं कोनतं?"
"बघावं लागेल," म्हटलं.
"मंग पाहू ना. जोशीबुवाले फोन लावते."
जोशीबुवांचा नंबर त्यांच्या वहीत आहे. ताट सारून उठल्या, तेव्हापासून चष्मा शोधतायत. देवघर झालं, गादीखाली झालं, आता फ्रिजवर.
चष्मा माझ्या पर्समध्ये आहे.