सत्कारात फोडलेलं पाकीट

हट्टा, सोमवार

प्रिय बुद्धभूषण,

सप्रेम जयभीम. गुडघा कसा आहे? शेक घेतोस ना? फोनवर मी बोलायला लागलो की तू कामाचं निमित्त काढतोस, म्हणून हे पत्र शेजारच्या शिलासोबत वसमतला पाठवतो.

तू, मी आणि आपल्यासारखे सगळे बाप एकच अन्याय सोसतो: आपल्या लेकरांचं जे काही असतं ते जगाला आधी कळतं, आपल्याला शेवटी.

आमच्या करुणाने एम.ए.साठी बाहेरच्या विद्यापीठात अर्ज केला. त्याला प्राध्यापकांचं गोपनीय शिफारसपत्र लागतं. विद्यार्थ्यानेही ते वाचायचं नाही, तशी सही घेतात. तुझ्या शेजारच्या उत्तमराव सरांनी पाकीट चिकटवून, वर सही मारून दिलं. (जिचं भवितव्य ठरायचं तिच्यापासूनच कागद लपवायचा, यावर मी तासभर बोलू शकतो. तुझी बहीण म्हणते, बोललात.)

काल विहारात तिचा सत्कार ठेवला. प्रवेश अजून व्हायचा होता, पण मंडप सांगून झाला होता. जे येऊ शकत नाहीत त्यांचे संदेश आपण व्यासपीठावरून वाचतो. त्या गठ्ठ्यात सरांचं पाकीट मिसळलं आणि मी ते माइकसमोर फोडलं. पहिल्या ओळीत मुलगी हुशार होती. पुढेच बसलेल्या ग्यानबाने टाळी वाजवली. दुसरीत कष्टाळू होती, पुन्हा टाळी. तिसरीत लिहिलं होतं की दुसऱ्या वर्षी तिचं मन पार खचलं, दोन महिने ती वर्गात आली नाही, नांदेडच्या डॉक्टरांची औषधं घेत होती, आणि तरी पहिली आली. माझा आवाज एकदा सुटला की वाक्य संपेपर्यंत थांबत नाही. ग्यानबाचे हात हवेतच राहिले.

यातलं आम्हा नवराबायकोला काहीच ठाऊक नव्हतं. (आम्ही समजत होतो, होस्टेलवर अभ्यास करून राहिली.)

घरी आल्यावर करुणा एवढंच म्हणाली, "बाबा, ते मी सरांना लिहायला सांगितलं व्हतं. तुमाला वाचायला न्हाई. काहून वाचलं?"

तेव्हापासून अबोला आहे. फुटलेलं पाकीट विद्यापीठ घेत नाही, मुदत पुढच्या शुक्रवारची, आणि सर म्हणतात, शेषरावांच्या घरी दुसरं देणार नाही.

तुझा,
शेषराव

ता. क. पाकीट मिसळलं नव्हतं. सही ओळखून मीच गठ्ठ्यात ठेवलं. चारचौघांत लेकीचं कौतुक वाचायची हाव सुटली. वरचं लिहून झाल्यावर हे करुणाला सांगितलं. ती म्हणाली, "मला म्हाईत व्हतं."

आणखी एक. उद्याच सरांकडे जा, नवं पाकीट घे आणि वसमतच्या पोस्टातून थेट विद्यापीठाला पाठव. मी विचारलं तरी त्यात काय आहे ते मला सांगू नकोस.